बाजारात उपयोगी पडणारं स्पॅनिश: भाव विचारणं आणि कुठे काय आहे ते समजणं

रानजाई:
स्पेनमध्ये राहायला किंवा फिरायला येणारे मराठी लोक हमखास विचारतात, की बाजारहाट करण्यापुरतं स्पॅनिश पटकन कसं शिकावं. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा एक धागा काढतेय. जाणकारांनी भर घालावी.

आधी लिपीबद्दल. मी सगळं देवनागरीतच लिहितेय. ज्या शब्दाच्या शेवटी जोर आहे तिथे अवग्रह टाकेन, म्हणजे 'एस्ताऽ'. 'ख' लिहिलाय तिथे घशातून येणारा खरखरीत ह समजा. स्पेनच्या बऱ्याच भागात काही 'स' जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून उच्चारतात. मी सगळीकडे साधा 'स' लिहितेय. लॅटिन अमेरिकेत तोच चालतो आणि स्पेनमध्येही तो सगळ्यांना कळतो.

छापील पुस्तकांत पहिलं वाक्य असतं 'क्वान्तो क्वेस्ता?', म्हणजे 'याची किंमत काय?'. वाक्य बरोबर आहे, पण मी राहते त्या व्हॅलेन्सियाच्या मेर्कादो सेन्त्रालमध्ये (१९२८ साली सुरू झालेला मोठा, छत असलेला बाजार) एखाद्या गाळ्यासमोर उभं राहिलात की त्याआधी दुसरंच वाक्य लागतं. तिथे रांग दिसत नाही. माणसं इकडेतिकडे उभी असतात, कुणी गप्पा मारत असतं, कुणी मासे बघत असतं. तुम्ही जाऊन विचारायचं, 'किएन एस एल उल्तिमो?' म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी 'यो' म्हणतं. त्या व्यक्तीनंतर तुमचा नंबर. पुढचा माणूस येऊन हेच विचारेल तेव्हा तुम्ही 'यो' म्हणायचं. काही ठिकाणी 'किएन दा ला बेस?' असंही विचारतात, अर्थ तोच. हे विचारलं नाही तर मागून आलेले पुढे जातात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

नंबर आला की विक्रेती म्हणते 'दीमे', 'दीगामे' (बोला, काय हवं) किंवा सरळ 'दीमे, ग्वापा' (बोल, सुंदरी). अनोळखी बाईने असं लाडाने बोलणं बाजारात अगदी रोजचं आहे, बिचकू नका. आता तुमचं वाक्य: 'मे पोने मेद्यो किलो दे तोमातेस?' अर्धा किलो टोमॅटो द्याल का? 'मे पोने' एवढं तोंडात बसलं की निम्मा बाजार झाला. पुढे फक्त माप आणि वस्तू बदलायची. उन किलो, मेद्यो किलो, उना दोसेना (डझन), उन मानोखो (जुडी). चीज किंवा हॅमच्या गाळ्यावर 'क्वार्तो इ मिताद' ऐकाल. पाव किलो अधिक त्याच्या निम्मं, म्हणजे ३७५ ग्रॅम. पुस्तकात सहसा सापडत नाही, पण म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडी सतत असतं.

आणि खरी मेख पुढे आहे. प्रश्न तुम्ही पाठ करता, पण समोरून काय येणार ते कुणी शिकवत नाही. खरबूज मागितलं की ती विचारते 'पारा ओय ओ पारा मान्याना?' आज खायचंय की उद्या? त्यावर पिकलेलं की जरा कच्चं ते ती निवडून देते. मासे घेतले की 'से लो लिम्प्यो?', साफ करून देऊ का? प्रत्येक वस्तूनंतर 'आल्गो मास?' आणखी काही? तुम्ही 'नादा मास, ग्रास्यास' म्हणेपर्यंत हिशेब होत नाही. माझा आग्रह आहे की प्रश्न शिकताना त्याचं उत्तर आणि समोरचा विचारेल ते प्रश्नही त्याच वेळी शिका. वाक्य सुटं शिकूच नका, संवाद शिका.

अजून एक. फळांना, भाज्यांना स्वतः हात लावू नका. गाळ्यावर विक्रेताच निवडून देतो. बोट दाखवून 'दे एसोस' म्हणा, 'त्यांतले'.

कोरी_पाटी:
अगदी वेळेवर आला धागा. मला पुढच्या महिन्यात माद्रिदला जायचंय. प्रश्न विचारता येतो, पण किंमत सांगितली की काहीच कळत नाही, इतक्या भराभर बोलतात. आकड्यांसाठी काही युक्ती आहे का?

रानजाई:
@कोरी_पाटी, आकड्यांची भीती सोडा, तिथे आपण फायद्यात आहोत. मराठीत एकोणपन्नास, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर असं प्रत्येकाचं वेगळं रूप पाठ करून आपण मोठे झालोय. स्पॅनिशमध्ये तीसच्या पुढे सगळं सरळ: त्रेइन्ता इ उनो, तीस आणि एक. नव्याण्णवपर्यंत तेच.

खरी अडचण जोड्यांची आहे. सेसेन्ता (६०) आणि सेतेन्ता (७०) यांत फक्त मधल्या स आणि त चा फरक. दोस (२) आणि दोसे (१२), त्रेस (३) आणि त्रेसे (१३). या जोड्या कुणाकडून तरी उलटसुलट म्हणवून घ्या आणि नुसत्या ऐका. आकडे ओळीने म्हणण्याचा बाजारात काही उपयोग नाही.

दुसरं म्हणजे 'युरो' हा शब्द बहुतेक वेळा गाळतात. २,९५ लिहिलेलं असतं (दशांशाला स्वल्पविराम) आणि म्हणतात 'दोस नोबेन्ता इ सिन्को'. यात दोन युरो आणि पंचाण्णव सेंट हे तुम्ही समजून घ्यायचं. म्हणजे पहिला छोटा आकडा युरो, नंतरचा सेंट. एवढी अपेक्षा कानात तयार असली की वेग जाणवत नाही. तरी सुटलंच तर 'मे लो एस्क्रीबे?' म्हणा, लिहून देता का? कुणी नाही म्हणत नाही.

रोज भाव बदलणाऱ्या वस्तूंना 'क्वान्तो क्वेस्ता' ऐवजी 'आ क्वान्तो एस्तान लोस तोमातेस?' म्हणतात. आज टोमॅटो काय भाव? सगळं घेऊन झालं की 'क्वान्तो एस?', एकूण किती झाले? तीन प्रश्न, तीन वेगळ्या जागा.

निवडुंग:
छान धागा. मी मेक्सिको सिटीत असतो, त्यामुळे अटलांटिकच्या या बाजूचं सांगतो. इथे 'मे पोने' म्हणालात तर समजतील, पण स्पेनहून आलात हे लगेच कळेल. इकडे 'मे दा उन किलो दे...' म्हणतात. भाव विचारायला 'आ कोमो एल किलो?' हे सर्रास.

टोमॅटोची तर गंमतच आहे. मध्य मेक्सिकोत लाल टोमॅटोला 'खितोमाते' म्हणतात आणि 'तोमाते' म्हटलं की बहुधा पानात गुंडाळलेला, हिरवा, आंबट टोमॅटिओ हातात पडतो. बटाटा स्पेनमध्ये 'पाताता', इकडे आणि जवळजवळ सगळ्या लॅटिन अमेरिकेत 'पापा'. आव्होकाडो मेक्सिकोत 'आग्वाकाते', तर चिले, पेरू, अर्जेन्टिना या देशांत 'पाल्ता'. मटार स्पेनमध्ये 'गिसान्तेस', इकडे 'चीचारोस', दक्षिणेकडे 'आर्बेखास'. शेंगदाणे 'काकाउआते', स्पेनमध्ये 'काकाउएते', बऱ्याच देशांत 'मानीऽ'. भाज्यांची एकच यादी पाठ करून वीस देशांत चालवता येणार नाही, जिथे जायचंय तिथली करा.

आठवडी बाजाराला इथे 'त्यांगिस' म्हणतात. मूळ शब्द नावातल या इथल्या स्थानिक भाषेतला आहे, स्पॅनिश येण्याआधीचा. तिथे विक्रेते 'पासेले, पासेले' करून बोलावतात, बायकांना लाडाने 'ग्वेरिता' (गोरी) म्हणतात, आणि विचारतात 'के बा आ येबार?' काय नेणार? बऱ्यापैकी खरेदी केलीत तर 'पिलोन' मागू शकता, म्हणजे वरचं थोडं जास्त. अँडीजच्या देशांत त्यालाच 'यापा' म्हणतात, मूळ केचुआ भाषेतलं.

दोन सावधगिऱ्या. इथे पेसोला डॉलरचंच चिन्ह वापरतात. पाटीवर ते बघून घाबरू नका. (एक्वादोर आणि एल साल्वादोरमध्ये मात्र खरोखर अमेरिकी डॉलर चालतात.) आणि स्पेनमध्ये 'घेणं, उचलणं' याला 'कोखेर' हा साधा शब्द आहे, तो मेक्सिको, अर्जेन्टिनात अश्लील आहे. इथे 'तोमार' किंवा 'आगार्रार' वापरा.

पाणपोई:
इतकं पाठ करायची खरंच गरज आहे का? फोन समोर धरला की भाषांतर होतं. मी लिस्बन, रोम सगळं तसंच केलं.

रानजाई:
@पाणपोई, पाटी वाचायला, औषधाच्या खोक्यावरचं बघायला मीही फोन वापरते. पण गाळ्यावर मागे चार जण ताटकळत असताना फोन उघडून, बोलून, वाट बघून, तो पुढे करायचा, आणि तिने 'आज की उद्या?' विचारलं की पुन्हा तेच. ती विचारायचंच सोडून देते आणि हाताला लागेल ते खरबूज देते. चार वाक्यं बोललात की ती तुमच्यासाठी निवडते. शिवाय रोज त्याच बाईकडून भाजी घ्यायची असेल तर बोलण्यातूनच ओळख होते. इथे राहणाऱ्यांसाठी मला ते फार महत्त्वाचं वाटतं.

शुद्धविराम:
मी स्पॅनिश शिकवते. खरेदीबद्दल वर उत्तम लिहिलंय, म्हणून मी 'कुठे आहे' या भागाबद्दल लिहिते. माझे मराठी विद्यार्थी अडकतात ते इथेच.

मराठीत एकटं 'आहे' सगळी कामं करतं. हे दुकान आहे. दुकान समोर आहे. समोर एक दुकान आहे. तिन्हीकडे 'आहे'. स्पॅनिशमध्ये या तिघांना तीन वेगळी क्रियापदं: एस, एस्ताऽ, आय. एखादी गोष्ट म्हणजे काय ते सांगायचं तर 'एस'. ठाऊक असलेली, ठरावीक वस्तू कुठे आहे ते सांगायचं तर 'एस्ताऽ'. आणि असं काही इथे आहे का, अस्तित्वच विचारायचं असेल तर 'आय'.

बाजारात हे असं पडतं. तुम्हाला पैसे काढायचेत, जवळ एटीएम आहे की नाही हेच माहीत नाही. तेव्हा 'आय उन काखेरो पोर आकीऽ?' म्हणा. समोरच्याने सांगितलं हो, बँकेचं आहे. आता ते ठरावीक झालं, म्हणून पुढचा प्रश्न 'दोन्दे एस्ताऽ?' पहिल्या प्रश्नात 'उन' (एक, कुठलंही), दुसऱ्यात 'एल' किंवा 'ला' (ते ठरावीक). 'उन, उना' आणि संख्या आल्या की 'आय'. 'एल, ला' आले की 'एस्ताऽ'. हा नियम बाजारापुरता कधी दगा देत नाही. दूध आहे का, अंडी आहेत का, हे 'आय लेचे?', 'आय उएबोस?'. एकवचन असो, अनेकवचन असो, 'आय' बदलत नाही.

आता खाली, वर, बाजूला. आपण म्हणतो 'टेबलाच्या खाली', आधी टेबल मग खाली. स्पॅनिशमध्ये क्रम उलटा: 'देबाखो दे ला मेसा', खाली मग टेबल. मधला 'दे' आपल्या 'च्या'चं काम करतो. सामान्यरूप नाही, म्हणजे मेसाचं काही होत नाही. एवढं कळलं की सगळा संच त्याच साच्यात बसतो. आल लादो दे (शेजारी), देत्रास दे (मागे), देलान्ते दे (पुढे), एन्फ्रेन्ते दे (समोर, रस्त्याच्या पलीकडेही), एन्सीमा दे (वर), सेर्का दे (जवळ), लेखोस दे (लांब). 'मध्ये' हा एकच वेगळा: 'एन्त्रे ला पानादेरिआ इ एल बान्को', बेकरी आणि बँक यांच्या मध्ये. इथे 'दे' नाही. आणि 'दे' पुढे 'एल' आला की दोघे मिळून 'देल' होतात: आल लादो देल बान्को.

@कोरी_पाटी, एका जागी नीट कान द्या. 'देरेचा' म्हणजे उजवीकडे. 'देरेचो' म्हणजे लॅटिन अमेरिकेत सरळ. शेवटचा एक स्वर बदलला की वळायचं की नाही ते बदलतं. स्पेनमध्ये सरळला 'तोदो रेक्तो' म्हणतात म्हणून तिथे धोका कमी. लॅटिन अमेरिकेत मात्र खात्री करायला हात दाखवून पुन्हा विचारा. डावीकडे म्हणजे 'आ ला इस्क्येर्दा', त्यात गोंधळ नाही.

तळटीप:
@शुद्धविराम, 'हे' आणि 'ते' बद्दल विचारायचं होतं. मला एस्ते, एसे, आकेल या तिघांत नेहमी घोळ होतो. आपल्याकडे हा आणि तो, दोनच.

शुद्धविराम:
कोणाच्या जवळ आहे ते बघा. माझ्या हाताशी असेल तर एस्ते. ऐकणाऱ्याच्या बाजूला असेल तर एसे. दोघांपासून लांब असेल तर आकेल. गाळ्यावर वस्तू बहुधा विक्रेत्याच्या बाजूला असते, म्हणून गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वापरतं ते 'एसे'. रानजाईंनी वर 'दे एसोस' लिहिलंय ते यामुळेच. मागच्या फळीवर वरची बरणी हवी असेल तर 'आकेल दे आयीऽ आर्रीबा', तो तिथला, वरचा. जागेचंही तसंच: आकीऽ, आईऽ, आयीऽ. अर्जेन्टिना वगैरे देशांत आकाऽ आणि आयाऽ जास्त ऐकू येतं.

स्त्रीलिंगी असेल तर एस्ता, एसा, आकेया. 'एस्ता' (ही) मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'एस्ताऽ' (आहे) मध्ये शेवटच्या. कान तयार झाला की गफलत होत नाही.

निवडुंग:
+१. सुपरमार्केटमध्ये विचारलं तर उत्तर येतं ते 'एन एल पासीयो सिन्को, आल फोन्दो', पाचव्या रांगेत, अगदी शेवटी. 'आल फोन्दो' कायम लक्षात ठेवा. स्वच्छतागृह विचारलं तरी बहुतेक वेळा 'आल फोन्दो आ ला देरेचा'च असतं.

पाऊलवाट:
मी काही काळ कोस्ता रिकात होते. 'कुठे आहे' म्हणाल तर तिथला पत्ता सांगण्याचा प्रकार लिहिलाच पाहिजे. बऱ्याच ठिकाणी रस्त्यांची नावं, घरांचे नंबर कुणी वापरतच नाही. पत्ता असा: चर्चपासून दोनशे मीटर उत्तरेला आणि पन्नास मीटर पूर्वेला. 'दोस्येन्तोस मेत्रोस नोर्ते, सिन्क्वेन्ता एस्ते.' यातले शंभर मीटर म्हणजे मोजलेले शंभर मीटर नाहीत, एक क्वाद्रा, म्हणजे दोन चौकांमधलं अंतर. ते ऐंशी असेल नाहीतर एकशेवीस. पन्नास म्हणजे अर्धा क्वाद्रा.

आणि ज्या खुणेपासून मोजायचं ती खूण हयात असेलच असं नाही. सान होसेच्या सान पेद्रो भागात एक जुनं वडाच्या जातीचं झाड होतं, 'इगेरोन'. ते गेलं, पण पत्ते अजून 'देल आन्तीग्वो इगेरोन', म्हणजे जुन्या इगेरोनपासून, असेच सांगतात. शेजारच्या निकाराग्वाची राजधानी मानाग्वा तर १९७२ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाली, तिथे 'दे दोन्दे फ्वे...', म्हणजे 'जिथे अमुक होतं तिथून' असे पत्ते आहेत. मानाग्वात दिशाही वेगळ्या सांगतात. उत्तरेला तलाव आहे म्हणून 'आल लागो' म्हणजे उत्तरेकडे. सूर्य वर येतो ती पूर्व म्हणून 'आर्रीबा' म्हणजे पूर्वेकडे, आणि 'आबाखो' म्हणजे पश्चिमेकडे. वर-खाली ऐकून चढ शोधत बसू नका.

स्पेनमध्ये क्वाद्रा फारसं म्हणत नाहीत, तिथे 'मान्साना' म्हणतात. तोच शब्द सफरचंदालाही आहे.

तळटीप:
हे फारच रंजक आहे @पाऊलवाट! बोगोताबद्दलही (कोलंबियाची राजधानी) असं काही ऐकलं होतं.

पाऊलवाट:
बोगोता उलट अगदी हिशेबी आहे. काये आणि कार्रेरा असे दोन प्रकारचे रस्ते एकमेकांना छेद देतात आणि दोन्हींना नंबर. पत्ता 'काये ७२, १०-३४' असला तर बहात्तराव्या कायेवर, दहाव्या कार्रेराच्या कोपऱ्यापासून साधारण ३४ मीटरवर. नकाशा लागत नाही. दुकानात शिरलात की 'आ ला ओर्देन' म्हणून स्वागत करतात, आणि कॉफी मागताना लोक 'मे रेगाला उन तिन्तो?' म्हणतात. शब्दशः बघितलं तर भेट मागितल्यासारखं, पण पैसे द्यायचेच असतात. आणखी एक, बोगोतात उस्तेद (आदराचं 'तुम्ही') खूप वापरतात, अगदी घरातही.

कोरी_पाटी:
कपडे, बूट घ्यायचे असतील तर? मापं, रंग, घालून बघणं?

रानजाई:
हा माझा आवडता भाग, कारण इथे मराठी माणसाला स्पॅनिश हातात दिल्यासारखं मिळतं. मध्ये इंग्रजी आणलंत तर मात्र उगाच अवघड होतं.

'मला हा शर्ट आवडला' यात शर्ट कर्ता आहे आणि 'मला' बाजूला. स्पॅनिशमध्ये तसंच: 'मे गुस्ता एस्ता कामीसा.' बूट आवडले तर आपण 'आवडतो'चं 'आवडतात' करतो, ते 'गुस्ता'चं 'गुस्तान' करतात: 'मे गुस्तान एस्तोस सापातोस.' इंग्रजीतून शिकणारे यावर महिनोन् महिने घालवतात.

शर्ट मोठा होतोय? 'मे केदा ग्रान्दे.' मला मोठा होतो, शब्दाला शब्द. घट्ट होतो, 'मे केदा आखुस्तादा.' बरोबर बसतो, 'मे केदा ब्येन.' महाग वाटतो, 'मे पारेसे कारा.' दोन युरो कमी पडतायत, 'मे फाल्तान दोस एउरोस.' सगळीकडे 'मे' म्हणजे 'मला'.

आणि नम्रपणे मागायची पद्धत. आपण दुकानात 'मला एक वही हवी होती' म्हणतो. हवी आत्ताच असते, पण भूतकाळ वापरला की बोलणं मऊ होतं. स्पेनमध्ये अगदी हेच: 'केरिआ उन क्वादेर्नो.' त्याची सवय करा, 'पोर फाबोर' प्रत्येक वाक्याला जोडायची गरज उरत नाही.

कपड्यांचं माप म्हणजे 'ताया', बुटांचं 'नूमेरो'. 'त्येने उना ताया मास?' एक माप मोठं आहे का? घालून बघायची खोली 'प्रोबादोर'. 'मे ला प्वेदो प्रोबार?' घालून बघू का? कामीसा स्त्रीलिंगी म्हणून 'ला', पुल्लिंगी असेल तर 'लो'. रंग वस्तूच्या मागे येतो आणि लिंग-वचनाप्रमाणे बदलतो: कामीसा रोखा, सापातोस रोखोस. आपल्या तांबडा, तांबडी, तांबडे सारखंच. 'बेर्दे' आणि 'आसूल' लिंगाप्रमाणे बदलत नाहीत, आपला 'लाल' जसा. नपुंसकलिंग नाही, तेवढं ओझं कमी.

घ्यायचं ठरलं की 'मे ला येबो'. नाही घ्यायचं तर 'मे लो बोय आ पेन्सार', विचार करते. यावर कुणी वाईट वाटून घेत नाही. नुसतं बघायचं असेल तर 'सोलो एस्तोय मिरान्दो'. दुकानात शिरताना 'बुएनोस दीआस' किंवा नुसतं 'बुएनास' आणि निघताना 'आस्ता ल्वेगो' म्हणायला विसरू नका. काही न घेता निघालात तरी.

घासाघीस बाजाराच्या गाळ्यावर करू नका, भाव ठरलेले असतात. माद्रिदला रविवारी भरणाऱ्या एल रास्त्रोमध्ये जुन्या वस्तूंना थोडी चालते.

निवडुंग:
मेक्सिकोत त्यांगिसमध्ये हस्तकला वगैरे घेताना 'क्वान्तो एस लो मेनोस?' विचारतात, कमीत कमी किती? भाजीला नको, विशेषतः एखादी म्हातारी जमिनीवर चार जुड्या घेऊन बसली असेल तर.

तळटीप:
उच्चारांचं कुणी लिहील का? मला र जमतो पण दोन र असले की नाही.

शुद्धविराम:
आपले त, द दातांवरचे आहेत, स्पॅनिशचेही तेच. प, त, क मध्ये हवा सोडायची नाही, तेही आपल्याला आपोआप येतं. आपला साधा र म्हणजे त्यांचा एक र. दोन र म्हणजे जीभ थरथरवायची. 'कारो' म्हणजे महाग, 'कार्रो' म्हणजे लॅटिन अमेरिकेत गाडी, स्पेनमध्ये सामानाची ढकलगाडी. खरेदीत दोन्ही लागतात, म्हणून याच जोडीवर सराव करा. सुरुवातीला 'द्र, द्र' भराभर म्हणत राहा, जीभ सुटते. ह लिहितात पण उच्चारत नाहीत. ब आणि व वेगळे नाहीत.

पाणपोई:
बरं, तो 'मला हवं होतं' वाला मुद्दा पटला. पैसे देतानाचं पण लिहा.

रानजाई:
'कोन तार्खेता ओ एन एफेक्तीबो?' कार्ड की रोख. सुट्टे आहेत का विचारायला 'त्येने स्वेल्तो?' उरलेले पैसे स्पेनमध्ये 'ला बुएल्ता', मेक्सिकोत 'एल काम्ब्यो', अर्जेन्टिनात 'एल बुएल्तो'. शिवाय 'क्येरे बोल्सा?' विचारतील, पिशवी हवी का. स्पेनमध्ये जुलै २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशवीला पैसे घ्यावेच लागतात, म्हणून हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतो. पावती म्हणजे 'तिके', बदलून घ्यायचं असेल तर जपून ठेवा.

कोरी_पाटी:
सगळं वाचून एक संवाद लिहिलाय, तपासा प्लीज.

बुएनोस दीआस. किएन एस एल उल्तिमो? ... केरिआ मेद्यो किलो दे तोमातेस. पारा ओय. नादा मास. क्वान्तो एस? ... पेर्दोने, दोन्दे आय ला फार्मास्या? ... आल लादो देल बान्को? ग्रास्यास. ... मे गुस्ता एस्तोस सापातोस, पेरो मे केदान ग्रान्देस.

शुद्धविराम:
'केदान ग्रान्देस' न सांगता अनेकवचनात केलंत, शाब्बास. दोनच दुरुस्त्या. बूट अनेक आहेत म्हणून 'मे गुस्तान'. आणि 'दोन्दे आय ला फार्मास्या' जुळत नाही. कुठलंही औषधांचं दुकान चालणार असेल तर 'दोन्दे आय उना फार्मास्या?', ठरावीक दुकान शोधत असाल तर 'दोन्दे एस्ताऽ ला फार्मास्या?'

रानजाई:
@कोरी_पाटी, माद्रिदमध्ये औषधांची दुकानं हिरव्या क्रॉसमुळे लांबून ओळखू येतात, तो लुकलुकत असला की दुकान उघडं. रात्री किंवा रविवारी लागलं तर 'आय उना फार्मास्या दे ग्वार्द्या पोर आकीऽ?' असं विचारा. त्या वेळी पाळीवर उघडं असणारं दुकान म्हणजे 'दे ग्वार्द्या'. बंद दुकानाच्या दारावर जवळच्या चालू दुकानाचा पत्ता लावलेला असतो. तो वाचताना काये म्हणजे रस्ता, आणि 'एस्कीना' म्हणजे कोपरा, एवढं पुरेल.